परीक्षेऐवजी वर्षभराचं मूल्यमापन: पालक आणि नवे शिक्षक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

निकालाच्या दिवशी, पालकसभेत आणि एरवी फोनवर माझ्याकडे जे प्रश्न वारंवार येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या पहिली ते आठवीच्या वर्गांबद्दल आहेत. दहावीबद्दल प्रश्न १२ आणि १३ पाहा, सीबीएसईबद्दल प्रश्न १४.

१. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन म्हणजे काय? आता परीक्षाच नसतात का?

परीक्षा असतात. सहामाहीला आणि वर्षाच्या शेवटी लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक असं सगळं होतं. फरक इतकाच की मुलाचं वर्ष त्या दोन-चार दिवसांवर ठरत नाही. ‘सातत्यपूर्ण’ म्हणजे मूल शिकत असताना, रोजच्या रोज पाहायचं. ‘सर्वंकष’ म्हणजे वाचन-लेखन-गणिताबरोबर त्याचं चित्र, खेळ, हाताचं काम, बोलणं, चौघांत मिसळणं हेही पाहायचं. पाहिलेलं लिहून ठेवायचं आणि त्यावरून उद्याच्या तासाला काय बदलायचं ते ठरवायचं. हा शेवटचा भाग गळाला, तर उरतात नुसत्या भरलेल्या वह्या.

२. हे कधीपासून आणि कशाच्या आधारावर सुरू झालं?

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाला ज्ञान किती समजलं आणि ते वापरता किती येतं याचं सर्वंकष, सातत्यपूर्ण मूल्यमापन करा, असं त्याच्या कलम २९ मध्ये म्हटलं आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला बोर्डाची परीक्षा द्यायला लावू नये, हे कलम ३० मध्ये आहे. त्यावरून महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० रोजी शासन निर्णय काढला. आजही आपल्या शाळांतली आकारिक-संकलितची रचना (प्रश्न ३ पाहा) त्याच निर्णयावर उभी आहे.

विचार मात्र जुना आहे. परीक्षेच्या ओझ्यावर माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्येच बोट ठेवलं होतं. १९९३ मध्ये यशपाल समितीने दप्तराचं आणि न समजता शिकण्याचं ओझं मांडलं. आपल्याकडे कोल्हापुरात शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटील यांनी १९८५ साली आनंददायी शिक्षणासाठी सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेव्हा हा कायदा कुणाच्या मनातही नव्हता.

३. आकारिक आणि संकलित यांत फरक काय? कशाला किती गुण?

आकारिक म्हणजे शिकता शिकता होणारं मूल्यमापन. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी एकदम होणारं. मूल लहान असेल तर आकारिकचा वाटा मोठा, आणि वर्ग वाढेल तसा संकलितचा वाढत जातो:

पहिली-दुसरी: आकारिक ७०, संकलित ३०
तिसरी-चौथी: आकारिक ६०, संकलित ४०
पाचवी-सहावी: आकारिक ५०, संकलित ५०
सातवी-आठवी: आकारिक ४०, संकलित ६०

कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांचं मूल्यमापन पूर्णपणे आकारिक असतं. त्यांची लेखी परीक्षा घेत नाहीत.

४. प्रगतिपुस्तकात ‘ब-१’ लिहिलंय. म्हणजे किती मार्क?

७१ ते ८०. सगळ्या श्रेणी अशा: अ-१ म्हणजे ९१ ते १००, अ-२ म्हणजे ८१ ते ९०, ब-१ म्हणजे ७१ ते ८०, ब-२ म्हणजे ६१ ते ७०, क-१ म्हणजे ५१ ते ६०, क-२ म्हणजे ४१ ते ५०, ड म्हणजे ३३ ते ४०, इ-१ म्हणजे २१ ते ३२ आणि इ-२ म्हणजे २० किंवा त्याहून कमी.

एक उदाहरण घ्या. तिसरीतल्या मुलीला मराठीत आकारिकचे ६० पैकी ४७ आणि संकलितचे ४० पैकी २६ मिळाले. बेरीज ७३, म्हणून ब-१. शेजारच्या मुलाला ७९ असतील तर तोही ब-१. एका-दोन मार्कांवरून घरी होणारी तुलना थांबावी म्हणूनच श्रेणी ठेवली आहे. तेव्हा कृपा करून वर्गशिक्षकांकडे ‘पण नक्की मार्क किती?’ म्हणून हट्ट धरू नका.

इ-१ किंवा इ-२ आलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन करून निदान ड श्रेणीपर्यंत आणायचं, ही शाळेची जबाबदारी आहे.

५. आम्ही परीक्षा देऊनच शिकलो ना? मग नुसती परीक्षा घेतली तर बिघडतं काय?

माझ्या वर्गातलं एक गणित सांगते. ५२ वजा २७. एका मुलाने उत्तर लिहिलं ३५. त्याच चाचणीत ६१ वजा ३८ चं उत्तर ३७ आणि ८० वजा ४६ चं ४६. पेपर तपासताना तीन फुल्या पडल्या, शून्य गुण. परीक्षेचं काम तिथे संपलं.

मी त्याला जवळ बसवलं आणि म्हटलं, मला करून दाखव. तो म्हणाला, “दोनातून सात जात नाहीत. मग सातातून दोन काढले. पाच.” पुढे पाचातून दोन, तीन. पस्तीस. म्हणजे मुलगा आळशी नव्हता, त्याचं लक्षही होतं. वजाबाकीत मोठ्यातून लहान जातं हे त्याला कुणीतरी पक्कं शिकवलं होतं, बहुधा मीच. दशक सुटा करून एककाला द्यायचा, ही गोष्ट त्याच्या हातातून कधी गेलीच नव्हती. काड्यांचे गठ्ठे आणले. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या आणि त्यालाच सांगितलं, यातून सत्तावीस मला दे. त्याने दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या आणि थांबला. मग स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढलं.

माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: ‘हातच्याच्या वजाबाकीत लहान अंक मोठ्यातून वजा करतो. गठ्ठा सोडून करू शकला. उद्या कागदावर.’ ही नोंद हेच मूल्यमापन. शून्य गुणांवरून मला दुसऱ्या दिवशी काय शिकवायचं ते कळलं नसतं. वार्षिक परीक्षेत कळलं असतं तर तोवर मूल माझ्या वर्गातून गेलेलं असतं.

तुम्ही परीक्षा देऊन शिकलात, हे खरं. तुमच्या वर्गात तेव्हा शाळा सोडून गेलेली मुलं किती होती, तेही एकदा आठवून पाहा.

६. आकारिकसाठी शिक्षक नेमकं काय काय वापरतात?

शासन निर्णयात आठ साधनं दिली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, छोटी लेखी चाचणी (पुस्तक उघडं ठेवून दिलेली चाचणीही चालते), स्वाध्याय किंवा वर्गकार्य आणि इतर. ‘इतर’मध्ये गटकार्य, मुलाने स्वतःचं केलेलं मूल्यमापन, वर्गमित्राने केलेलं मूल्यमापन वगैरे येतं. सगळी साधनं सगळ्या विषयांना लावायची नाहीत. विषय आणि वर्ग पाहून निवडायची.

पालकांसाठी महत्त्वाचं: प्रकल्प म्हणजे दुकानातून चित्रांचा तक्ता आणून चिकटवणं नव्हे, आणि तो आईने रात्री जागून करायचाही नसतो. शाळा तसा मागत असेल तर पालकसभेत स्पष्ट बोला.

७. वर्णनात्मक नोंदी सगळ्या मुलांच्या सारख्याच दिसतात. असं का?

तयार याद्यांमधून उतरवलेल्या असतात म्हणून. प्रगतिपुस्तकात ‘विशेष प्रगती’, ‘आवड, छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने असतात. वर्ष संपत आलं की या रकान्यांसाठी तयार वाक्यांच्या पीडीएफ शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागतात. ‘शालेय उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो.’ ‘हस्ताक्षर सुंदर काढतो.’ ‘अवांतर वाचन करावे.’

मीही तेच केलं आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी निकालाच्या आदल्या रात्री चौतीस मुलांच्या नोंदी एका यादीवरून उतरवल्या. एका मुलाच्या पुस्तकात लिहिलं, ‘चित्रकलेत विशेष आवड.’ १ मे रोजी त्याचे वडील आले, बोटाने ओळ वाचली आणि शांतपणे विचारलं, “बाई, ह्याच्याकडं रंगाची पेटीच नाही. ह्यानं चित्र कधी काढलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो मुलगा सायकलची चेन दोन मिनिटांत बसवायचा. शाळेतल्या निम्म्या सायकली त्याने दुरुस्त केल्या होत्या. मी हे रोज पाहत होते आणि एकदाही लिहिलं नव्हतं.

तेव्हापासून एक नियम पाळते. मूल काय करताना दिसलं ते लिहायचं, ते कसं ‘आहे’ ते लिहायचं नाही. ‘मेहनती आहे’ हे कुणालाही लागू पडतं. ‘सायकलची साखळी उतरली तर कुठला दात अडतो ते शोधून बसवतो, दुसऱ्यालाही दाखवतो’ हे एकाच मुलाचं असतं. नव्या शिक्षकांना एवढंच सांगते: नोंद वाचून मुलाचं नाव ओळखता आलं पाहिजे.

पालकांनीही विचारावं. ‘ही नोंद कशावरून केली?’ असं नम्रपणे विचारलं तर त्यात शिक्षकाचा अपमान होत नाही.

८. दोन वर्ग एकत्र, चाळीस मुलं, त्यात निवडणुकीची कामं. रोज नोंदी कोण लिहिणार?

रोज चाळीस नोंदी कुणीच लिहू शकत नाही, आणि कुणी लिहिल्या असं सांगितलं तर त्या खऱ्या नसतात. कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. पण साठ मुलांपर्यंतच्या शाळेत दोनच शिक्षक, म्हणजे प्रत्येकाकडे दोन-तीन इयत्ता येतातच. मी दिवसाला पाच मुलं ठरवते. त्या दिवशी त्या पाचांकडे मुद्दाम लक्ष ठेवते. शाळेच्या आठ दिवसांत वर्ग फिरून होतो. एरवी ठळक काही दिसलं तर जागच्या जागी कागदाच्या तुकड्यावर दोन शब्द, आणि सुटीत ते वहीत.

केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकाऱ्यांना या निमित्ताने विनंती: भेटीला आलात की वहीची पानं मोजू नका. कुठलीही एक नोंद काढा आणि विचारा, ‘मग पुढे काय केलंत?’

९. नापास करायचंच नाही, मग मुलं ढकलपास होतात ना? आठवीतल्या मुलाला धड वाचता येत नाही.

ही तक्रार खरी आहे आणि ती मी टाळणार नाही. आठवीत न वाचता येणारी मुलं मी पाहिली आहेत. पण नापास न करणं आणि न शिकवणं या दोन गोष्टी आपण एकत्र करून टाकल्या. कायदा म्हणत होता, मुलाला त्याच वर्गात मागे ठेवू नका आणि वर्षभर त्याच्याकडे लक्ष द्या. आपण पहिला अर्धा भाग पाळला. दुसऱ्या भागाला वेळ लागतो, माणसं लागतात, पूरक वर्ग लागतात. ते पुरेसं मिळालं नाही. आणि खापर मूल्यमापनावर फुटलं.

नापास झालेल्या मुलाचं पुढे काय व्हायचं, तेही आठवू या. तेच पुस्तक, तेच पाठ, तोच वर्ग, फक्त वयाने लहान मुलांच्यात बसायचं. दुसऱ्या वर्षी शिकवण्याची पद्धत बदलायची का? बहुतेकदा नाही. मुलगी असेल तर एका नापासावर शाळा सुटायची आणि वर्षा-दोन वर्षांत लग्न व्हायचं. नापासाची भीती घालून अभ्यास होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी वर्गातल्या शेवटच्या पाच मुलांकडे पाहावं. भीतीने पहिली पाच मुलं अभ्यास करतात. शेवटची पाच शाळेत येणं थांबवतात.

वाचता न येणं हे दुसरीतच दिसतं. तिथेच धरलं तर तीन-चार महिन्यांत सुटतं. आठवीत धरायला गेलं तर मुलाला लाज वाटते आणि ते लपवू लागतं.

१०. पाचवी आणि आठवीला आता पुन्हा नापास करतात, हे खरं का?

हो. २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा घेऊन मागे ठेवायचं की नाही ते राज्यांवर सोपवलं गेलं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ या वर्षापासून ही परीक्षा सुरू केली. पाचवीला प्रत्येक विषय ५० गुणांचा, पास व्हायला १८ लागतात. आठवीला ६० गुणांचा, तिथे २१ लागतात. म्हणजे ३५ टक्के. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं आणि निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा घ्यायची. त्यातही नापास झालं तर मूल त्याच वर्गात राहतं. केंद्राच्या अखत्यारीतल्या शाळांसाठी असा नियम डिसेंबर २०२४ मध्ये आला.

पहिली ते चौथी, सहावी आणि सातवीला आजही मागे ठेवता येत नाही.

माझं मत विचाराल तर हे पाऊल मागे पडलं आहे. त्या दोन महिन्यांच्या जादा मार्गदर्शनात मात्र जीव आहे. ते मे महिन्यात खरोखर झालं तर मूल तरून जातं. म्हणून तुमचं मूल नापास झालं असेल तर रडारड करण्याआधी मुख्याध्यापकांना हे विचारा: पूरक वर्ग कधीपासून, किती वाजता, कोण घेणार?

११. पाचवीत दोनदा नापास झाला. शाळा म्हणते दाखला घेऊन जा. असं करता येतं का?

नाही. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीतही ही तरतूद कायम आहे. तोंडी सांगत असतील तर लेखी मागा. तक्रार कुठे करायची ते प्रश्न १६ मध्ये आहे.

१२. दहावीची बोर्डाची परीक्षाच बंद करून वर्षभराच्या कामावर निकाल का लावत नाहीत?

एकदा लावला आहे. २०२१ मध्ये कोविडमुळे दहावीची परीक्षा रद्द झाली आणि राज्य मंडळाने शाळांकडच्या गुणांवर निकाल लावला. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिक-अंतर्गत मूल्यमापनाचे २० असे शंभर धरले. निकाल लागला ९९.९५ टक्के.

पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. एवढे गुण सगळ्यांनाच मिळाल्यावर अकरावीचा प्रवेश कशावर द्यायचा हा प्रश्न आला. सरकारने वेगळी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, जाहीर केली. ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर होती, दुसऱ्या मंडळांच्या मुलांना ती अन्यायाची वाटली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने ती सीईटी रद्द केली. प्रवेश शेवटी त्याच गुणांवर झाले.

यातून लोक म्हणतात, शाळांवर विश्वास ठेवता येत नाही. मला त्यात दुसरंही दिसतं. मूल्यमापनावर दोन वेगळी ओझी आपण एकाच वेळी टाकतो. मूल काय शिकलं हे सांगणं, आणि जागा कमी असताना कुणाला आत घ्यायचं ते ठरवणं. ज्या शिक्षिकेच्या नोंदीवर मुलाचा नामवंत कॉलेजातला प्रवेश ठरणार, तिने नोंद खरी ठेवावी ही अपेक्षा फार मोठी आहे. गावातल्या माणसांच्या समोर तिला रोज उभं राहायचं असतं. दहावीचं ओझं हलकं करायचं तर आधी अकरावीच्या चांगल्या जागा वाढवाव्या लागतील. तोवर बोर्ड राहील असं मला वाटतं, आणि आठवीपर्यंतचं मूल्यमापन तरी त्याच्या सावलीबाहेर ठेवावं.

१३. दहावीचे शाळेच्या हातातले २० गुण म्हणजे फुकटचे मार्क नाहीत का?

पुष्कळ शाळांत ते तसेच दिले जातात, हे मान्य. राज्य मंडळाने २०१८-१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढले. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० वर आला. त्या वर्षी पुस्तकंही नवी होती, तेव्हा सगळी घसरण या वीस गुणांमुळे होती असं म्हणता येत नाही. पालकांची ओरड झाली आणि २०१९-२० पासून ते गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के.

तरीही मी वीस गुणांच्या बाजूने आहे. मुलाला मराठीत चार वाक्यं उभं राहून बोलता येतात का, हे लेखी पेपरात दिसत नाही. तोंडी खरोखर घ्या. पाच मिनिटं लागतात.

१४. सीबीएसईने सीसीई (सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन) बंद केलं. मग ते फसलं असं समजायचं का?

सीबीएसईने २००९ मध्ये नववी-दहावीला सीसीई आणलं आणि २०११ पासून दहावीची बोर्ड परीक्षा ऐच्छिक केली. वर्षात चार आकारिक, प्रत्येकी १० टक्के, आणि दोन संकलित, प्रत्येकी ३० टक्के. २०१७ मध्ये ही पद्धत मागे घेतली आणि २०१८ पासून दहावीची बोर्ड परीक्षा पुन्हा सक्तीची झाली.

मुलांना एका मोठ्या परीक्षेऐवजी वर्षभर सहा परीक्षा दिल्यासारखं झालं. आकारिकमध्ये पुन्हा पेपरच येऊ लागले, प्रकल्प विकत मिळू लागले. जिथे नाव बदललं आणि काम तेच राहिलं, तिथे हे होणारच होतं. आपल्या आठवीपर्यंतच्या पद्धतीशी त्याचा थेट संबंध नाही, पण धडा तोच आहे.

१५. ‘समग्र प्रगती पत्रक’ हे काय नवीन?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ही कल्पना आहे. ‘परख’ या एनसीईआरटीमधल्या (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) संस्थेने त्याचे नमुने तयार केले आहेत. त्यात शिक्षकाबरोबर मूल स्वतः, त्याचे वर्गमित्र आणि पालकही लिहितात. लहान मुलांसाठी पातळ्यांना झरा, पर्वत, आकाश अशी नावं आहेत. यात पहिला नंबर आणि शेवटचा नंबर काढता येत नाही, म्हणून मला ते आवडलं. झऱ्याजवळ उभं असलेलं मूल वाटेवर आहे एवढंच त्यातून कळतं.

पालकांचा रकाना कोरा सोडू नका. लिहिता येत नसेल तर शिक्षकांना सांगा, ते तुमचे शब्द लिहून घेतील.

१६. शिक्षकाने राग धरून मुलीला कमी श्रेणी दिली असं वाटतं. दाद कुठे मागायची?

आधी वर्गशिक्षकांना भेटून नोंदवही पाहायला मागा. नोंदी तारखेनिशी असतील तर बऱ्याचदा गैरसमज तिथेच मिटतो. समाधान झालं नाही तर मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असायला हव्यात. त्यानंतर केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी. खाजगी विनाअनुदानित शाळेत ही समिती नसते, तिथे थेट शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा.

पक्षपात होतो. मुलाची जात, घरची परिस्थिती, कपडे, बोली यांचा नोंदीवर परिणाम होतो. म्हणूनच दिसलं तेच लिहायचं (प्रश्न ७). बोलीबद्दल एक जास्तीचं: ‘अशुद्ध बोलते’ ही नोंद नाही. मुलगी पावरीत किंवा अहिराणीत सगळी गोष्ट सांगत असेल तर तिला गोष्ट सांगता येते.

१७. माझी मुलगी फार बुजरी आहे. तोंडीत गप्पच बसते. तिचे गुण जाणार का?

जायला नकोत. तिसरीतली एक मुलगी माझ्यासमोर पुस्तक धरून उभी राहिली की ओठ हलवायची, आवाज फुटायचा नाही. दोन महिने प्रकटवाचनापुढे माझी रेघ कोरी होती. एके दिवशी मधल्या सुटीत ती पोषण आहाराच्या फलकासमोर पहिलीतल्या भावाला घेऊन उभी होती. आठवड्याचा तक्ता त्याला वाचून दाखवत होती. वार, भाजी, ‘मोड आलेली मटकी’ सुद्धा, जोडाक्षरांसकट. ‘उद्या तुला आवडतं ते नाही,’ असंही तिने त्याला सांगितलं. मी खांबाआडून ऐकलं आणि तिचं प्रकटवाचन त्या दिवशी भरलं.

दैनंदिन निरीक्षण हे साधन यासाठीच आहे. घरी ती काय बोलते, कुणाला काय शिकवते, हे तुम्ही शिक्षकांना सांगा. मग शिक्षक तिला एकटीला, किंवा तिच्या मैत्रिणीबरोबर, ऐकू शकतात.

१८. मुलाला अध्ययन अक्षमता आहे. त्याचं मूल्यमापन कसं व्हावं?

त्याच्या साधनाने. लिहिताना अक्षरं उलटी होत असतील तर विज्ञान तोंडी विचारा, कारण तिथे विज्ञान तपासायचं आहे. आकारिकमध्ये हे करायला कुठलीच आडकाठी नाही. दहावीला लेखनिक आणि जादा वेळ अशा सवलती आहेत, पण त्यांना प्रमाणपत्र लागतं. ते काढायला वेळ जातो, म्हणून नववीपर्यंत थांबू नका.

१९. वर्गात परीक्षेचा दबाव नाही, मग शिष्यवृत्ती आणि नवोदयची तयारी कशी होणार?

त्या निवडीच्या परीक्षा आहेत. ज्याला बसायचं त्याने वेगळा सराव करावा. सगळ्या वर्गाचं वर्ष त्यांच्यासाठी खर्ची घालू नये. सरकारी चाचण्यांचंही तसंच. एससीईआरटीकडून (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) येणारी पायाभूत चाचणी मूल कुठे आहे ते पाहण्यासाठी असते. तिच्यासाठी शिकवणी लावायची गरज नाही.

२०. आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. पोराचं आकारिक कोण लिहिणार? वर्ष वाया जाणार का?

जाऊ देऊ नका. शक्य असेल तर मुलाला आजी-आजोबांकडे किंवा गावातल्या हंगामी वसतिगृहात ठेवा. शाळेत मागणी केल्यावरच अशी वसतिगृहं सुरू होतात, म्हणून दिवाळीच्या आधीच मुख्याध्यापकांना सांगा. नेणं भागच असेल तर निघण्यापूर्वी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. कारखान्याजवळच्या शाळेने ते पाहून मुलाला बसवून घ्यायचं असतं. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

कार्डाच्या जोडीला आणखी एक गोष्ट मागून घ्या. वर्गशिक्षकांना सांगा, पोराला काय येतं आणि काय अडतं ते एका कागदावर लिहून द्या. मी माझ्या मुलांना असा कागद देते. ‘दोन अंकी बेरीज येते. हातच्याची वजाबाकी काड्यांवर येते, कागदावर चुकते. जोडाक्षरं वाचतो. गोष्ट ऐकायला आवडते.’ चार ओळी पुरतात. नव्या शाळेतल्या बाईंना पहिल्याच दिवशी कुठून सुरुवात करायची ते कळतं. परतताना त्यांच्याकडूनही असाच कागद घेऊन या. मी तो त्याच्या नोंदीत चिकटवते आणि आकारिकचे गुण त्यावरून भरते. कधी कागद येतो, कधी येत नाही. गेल्या खेपेला एका मुलाने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून, कोयत्याच्या गुंडाळीत ठेवून आणला होता. मागच्या बाजूला तिकडच्या गुरुजींनी लिहिलं होतं: ‘आता कागदावरही येते.’